चपाती चालते, पीठ चालत नाही

तासगावच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली. गव्हाची एक चक्की, ज्वारी-बाजरीची दुसरी, आणि शेजारी पत्र्याच्या खोलीत मिरची-हळदीचं कांडप. सासरे गेले, आमचे हे एसटीत कंडक्टर, दीर पुण्याला. तेव्हा गिरणी माझ्याकडे आली ती कायमचीच. दगडांना टाकी कधी लावायची, म्हणजे टोचे मारून ते पुन्हा खरखरीत कधी करायचे, कुठल्या गव्हाला दगड किती आवळायचा, बाजरीवर गहू टाकायचा तर मधलं भेसळीचं पीठ कुणाच्या पदरात घालायचं, हे सगळं मी सासऱ्यांच्या हाताखाली शिकले. दम्याबद्दल लिहायला बसले आणि सुरुवात गिरणीपासून केली, कारण माझा दमा तिथलाच आहे. एवढं एक वाक्य कळायला मात्र कित्येक वर्षं, दोन जाड फायली आणि बराच पैसा गेला.

पहिली काही वर्षं काहीच त्रास नव्हता. मग सकाळी शटर वर करून मोटर चालू केली की शिंका सुरू व्हायला लागल्या. डोळे चुरचुरायचे, नाक गळायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "वैनी, मिरची टाकली काय ओ?" मिरची महिनाभर चाललेली नसायची. गिरणीवाल्याला शिंका येणारच, हे आमच्याकडे सगळे धरून चालतात. सासऱ्यांनाही यायच्या. त्यांच्या पहाटेच्या खोकल्याने अर्धी गल्ली उठायची, पण ते बिडी ओढायचे म्हणून सगळा दोष बिडीला गेला. कामाच्या धुळीतून येणारा दमा पुष्कळदा असा नाकातूनच सुरू होतो आणि शरीर एखाद्या गोष्टीवर बिथरायला महिने नाहीतर वर्षं लागू शकतात, हे मला फार नंतर कळलं. 'इतकी वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं?' हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलाय. उत्तर हेच, की इतकी वर्षं झाली म्हणूनच.

शिंकांमागून खोकला आला. दिवसा कोरडा, ठसका लागल्यासारखा. रात्री तीन-चारच्या सुमाराला जाग यायची आणि छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं वाटायचं. उठून बसलं, दोन घोट गरम पाणी घेतलं की थोडं मोकळं व्हायचं. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. खोकल्याचं औषध, अँटिबायोटिक, एक इंजेक्शन, आणि पथ्य: दही बंद, केळी बंद, फ्रीजचं पाणी बंद. फ्रीजचं पाणी मी तशीही पीत नव्हते. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. दम्यात एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छच असतो, पण तेव्हा त्याचा अर्थ 'काही नाहीये' असा लावला गेला. ग्रामीण रुग्णालयात थुंकी तपासली, टीबी नव्हता. मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मग ईसीजी झाला. मग वयाकडे बोट दाखवून झालं. चाळिशी उलटलेल्या बाईची कुठलीही तक्रार शेवटी पाळी जाण्याच्या खात्यावर मांडता येते. आणि सगळं संपल्यावर 'टेन्शन घेऊ नका' हे होतंच.

या काळात आजारापेक्षा जास्त छळ खोकल्याच्या आवाजाने केला. पिठाची गिरणी म्हणजे लोकांचं तोंडात जाणारं अन्न. तिथे बसलेली बाई खोकते हे कुणाला चालेल? कोरोनानंतर तर लोक बिचकलेलेच होते. एक जुनी गिऱ्हाईक, माझ्या लग्नापासून दळण टाकणारी, एकदा डबा ठेवून गेली आणि घेताना झाकण उघडून पिठाकडे बघत राहिली. काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात तिच्या घरी घरघंटी आल्याचं कळलं. घरघंटी अनेकांनी घेतली, पॅकेटचा आटाही वाढला, त्यामुळे सगळं खोकल्यावर ढकलणार नाही. पण ती डब्यात वाकून बघत होती ते मला अजून खुपतं. मी खोकला दाबायला शिकले. पदर तोंडात धरून मागच्या दाराने बाहेर जायचं, खोकून घ्यायचं, परत यायचं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "पीठ उडतंय ना, म्हणून." नकळत त्याच सगळ्यात बरोबर बोलत होत्या.

मुलीचं लग्न ठरवायचं चाललं होतं तेव्हा माझ्या जावेने मला बाजूला घेऊन सांगितलं की पाहुण्यांसमोर दमा हा शब्द काढू नकोस, पोरीला पण असेल म्हणतील. तोवर कुठल्या डॉक्टरने तो शब्द काढलाही नव्हता! घरात मात्र तो येऊन बसला होता.

मोठा झटका आला तो चैत्रात. मसाल्याचा सीझन, कांडपाला रांग, आणि त्यातच गव्हाच्या चक्कीचे दगड काढून टाकी लावून घेतली होती. संध्याकाळी मी सगळी गिरणी झाडून काढली: छताची जळमटं, पट्ट्यावरचा थर, मोटरमागचं वर्षाचं साठलेलं. रात्री जेवायला बसवेना. बोलताना वाक्य तुटायला लागलं. 'पाणी' म्हणायचं तर 'पा' आणि 'णी'च्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता. ह्यांनी शेजाऱ्याची गाडी काढली. दवाखान्यात नेब्युलायझरचा मास्क लावला, सलाईनमधून इंजेक्शन दिलं. तासाभरात छाती मोकळी झाली आणि मी इतकी गाढ झोपले की सकाळी नर्सने हलवून उठवलं. घरी सोडताना स्टेरॉइडच्या गोळ्या काही दिवसांच्या, श्वासनळ्या सैल करणारी डेरिफायलीन, कफ सिरप. गोळ्या चालू होत्या तोवर मी ठणठणीत. संपल्या, गिरणीत बसायला लागले, आणि पुन्हा तेच. पुन्हा गोळ्या. चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, साखर वरच्या रेघेला टेकली.

इथे एक बारीक गोष्ट सांगते. त्या सगळ्या काळातले माझे केसपेपर मी नंतर काढून बघितले. नाव, वय, गाव, आणि व्यवसायाच्या पुढे प्रत्येकावर एकच शब्द: गृहिणी. एकावरही दुसरं काही नाही. मला विचारून कुणी लिहिलं नव्हतं. हे माझ्यासोबत असले की डॉक्टर ह्यांना विचारायचे, "तुम्ही काय करता?" ते सांगायचे एसटीत. माझ्या रकान्यात गृहिणी पडायचं. दहा एचपीची मोटर चालवणारी, रोज पोत्यांनी गहू दळणारी बाई कागदावर दिवसभर घरात होती. मग घरातली कारणं शोधली गेली: चूल आहे का, मांजर आहे का, उदबत्ती लावता का.

मिरजेला जायचं ठरलं ते नणंदेमुळे. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. मिशन हॉस्पिटल 1890 च्या दशकातलं, तेव्हापासून ते डॉक्टरांचंच गाव. तिथल्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी फाईल उघडलीच नाही. माझ्या बांगड्यांकडे बघत होत्या. सोन्याच्या पाटल्यांच्या नक्षीत पीठ बसतं, कितीही धुतलं तरी खाचेत पांढरी रेघ राहते. त्यांनी विचारलं, "पीठ कसलं?" मी म्हटलं, गिरणी आहे आमची. "चालवतं कोण?" मी. "किती वर्षं?" मग पुढचा प्रश्न: "गिरणी बंद असते त्या दिवशी कसं वाटतं? गावाला गेलात तर?"

आणि मला आठवलं, की भावाच्या मुलीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले होते तेव्हा मी मांडवात धावपळ करून, रात्ररात्र जागूनसुद्धा एकदाही खोकले नव्हते. परत आल्यावर सगळे म्हणाले होते, माहेरची हवा मानवली.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "माहेरची हवा सगळ्यांनाच मानवते, पण आपण मोजून बघू."

मोजण्याची पहिली तपासणी स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात फुंकायचं, आणि फुंकतच राहायचं. तंत्रज्ञ मुलगा समोर उभा राहून कबड्डीच्या पंचासारखा ओरडतो: "अजून, अजून, अजून, सोडू नका!" डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तो आकडा महत्त्वाचा; माझा दीड लिटर आला. मग सालब्युटामॉलचे पफ दिले, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. एक पूर्णांक नऊ. औषधानंतर हा आकडा 12 टक्के आणि 200 मिलिलिटर, दोन्हींच्या वर वाढला तर श्वासनळ्या आवळलेल्या होत्या आणि औषधाने सैल झाल्या, असं समजतात. माझा दोन्ही कसोट्यांवर पार झाला होता. एवढी वर्षं जे 'काही नाही' होतं, ते अर्ध्या तासात कागदावर आलं. तपासणीचा खर्च माझ्या एका वर्षाच्या खोकल्याच्या औषधांपेक्षा कमी होता.

दमा आहे हे ठरलं. कशामुळे, हे ठरायचं होतं. त्यासाठी मॅडमनी पीक फ्लो मीटर दिला. प्लॅस्टिकची नळी, वर आकड्यांची पट्टी आणि एक सरकणारा काटा. उभं राहून फुंकायचं, तीनदा, त्यातला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. आकडा जितका मोठा, तितकी छाती मोकळी. दिवसातून चार वेळा: उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. थोडे दिवस गिरणीत बसून आणि मग थोडे दिवस गिरणीपासून पूर्ण लांब. लांब म्हणजे घरातही नको, कारण घर वरच आहे आणि पीठ जिन्याने वर येतं.

गिरणी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. दिराचा मुलगा कॉलेज संपवून रिकामाच होता, त्याला बोलावलं. मी भावाकडे गेले. वही अजून माझ्याकडे आहे. गिरणीच्या दिवसांत सकाळी तीनशे, दुपारी दोनशे ऐंशी, संध्याकाळी दोनशे चाळीस. आठवडा चढत जाईल तसे सकाळचे आकडेही खाली. कोल्हापुरात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच तीनशे तीस, मग तीनशे साठ, आणि तिथेच स्थिर. भाची बारावी सायन्सची, तिने आलेख काढून दिला. वर-खाली दातेरी रेघ एका बाजूला, सपाट रेघ दुसऱ्या बाजूला. ह्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे बाबांचं पण हेच होतं." ते आता कुणाला सांगता येणार नाही. बिडी तर होतीच.

हातावर ॲलर्जीची चाचणीही केली. मनगटापासून कोपरापर्यंत पेनाने खुणा करून प्रत्येकीजवळ एक थेंब आणि सुईची बारीक टोच. वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं, हीच खरी परीक्षा. गव्हाच्या पिठाच्या जागी डास चावल्यासारखी मोठी गांधी उठली. साठवलेल्या धान्यात होणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीच्या जागी एक छोटी. ज्वारीवर काही नाही. सगळ्यात जास्त बदनाम होती ती मिरची सुटली. मॅडमनी सांगितलं, मिरचीची खकाणी सगळ्यांनाच झोंबते, ती ॲलर्जी नव्हे. दमा असलेल्याला जरा जास्त झोंबते इतकंच. गव्हाची गोष्ट वेगळी. त्याच्या प्रथिनांना माझं शरीर आता शत्रू मानतं, आणि ती श्वासातून आत गेली की श्वासनळ्या आतून सुजतात.

मी घाबरून विचारलं, "मग चपाती बंद?" त्या म्हणाल्या, चपाती खा. भाजलेलं, शिजवलेलं पोटात गेलं तर अशा बहुतेक रुग्णांना काही होत नाही. पीठ मात्र हुंगायचं नाही. कणीक मळायचीच असेल तर परातीत आधी पाणी, मग वरून हळूच पीठ, उडणार नाही असं. आता घरी कणीक बहुधा हेच मळतात. सुरुवातीच्या चपात्यांविषयी न बोललेलं बरं.

हा आजार नवा नाही, हेही त्यांच्याकडूनच ऐकलं. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्याने 1700 साली कारागिरांच्या दुखण्यांवर लिहिताना पीठ दळणाऱ्यांचा आणि पाव करणाऱ्यांचा खोकला आणि दमा नोंदवून ठेवला. आणि वैद्यांना सांगून ठेवलं की रोग्याला बाकीचे प्रश्न विचाराल तेव्हा हाही विचारा: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. माझ्या केसपेपरवर गृहिणी.

मोठेपणी सुरू होणाऱ्या दम्यात सुमारे सहातल्या एकाला कामाच्या जागेचा हात असतो, असा अंदाज आहे. मॅडमच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसून मला तो आकडा पटला. तिथे बेदाणा शेडवर निवडायला जाणारी बाई होती. बेदाणा पिवळा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, तिच्या वासानेच तिची छाती भरायची. कुपवाड एमआयडीसीत गाड्यांना रंगाचा फवारा मारणारा पोरगा होता. दोन भाग मिसळून करतात त्या रंगातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि जगभर दम्याच्या कारणांत ते वरच्या नंबरात आहे. पार्लर चालवणारी एक मुलगी केसांच्या ब्लीच पावडरीमुळे आलेली. सुतार होता. विट्याच्या मागावरचा एक मामा, सोमवारी जास्त त्रास होतो म्हणणारा. त्याचं दुखणं कापसाच्या धुळीचं, दम्याचं चुलतभावंड. आम्ही आपापसात बोलत बसायचो. प्रत्येकाची गोष्ट ठरलेली: आधी नाक, मग खोकला, मग टीबीची तपासणी.

औषध सुरू करायचं म्हटल्यावर घरात खरी लढाई झाली. पंप. "एकदा पंप लागला की मरेपर्यंत सुटत नाही," हे सासूबाईंनी, जावेने, मेडिकलवाल्यानेसुद्धा सांगितलं. मावससासूने कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देतात तिकडे घेऊन जायची तयारी केली. ह्यांच्या डेपोतल्या एकाने हैदराबादचा मासा सुचवला, मृगाच्या दिवशी औषध भरलेला जिवंत मासा गिळायचा. मी शाकाहारी, त्यामुळे तो प्रश्न वादाशिवाय मिटला. खिरीबद्दल माझं काही म्हणणं नाही, खीर चांगलीच असते. पण दम्याचं रोजचं औषध बंद करून रात्रभर उघड्यावर जागायचं, हे मला करायचं नव्हतं.

मॅडमनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. पंपातून रोज जायचं ते औषध, ब्युडेसोनाइड, हेही स्टेरॉइडच, पण एका कॅप्सूलमध्ये 200 मायक्रोग्रॅम. मी आधी झटक्याला घेत होते ती स्टेरॉइडची, प्रेडनिसोलोनची, लहानातली गोळी 5 मिलिग्रॅमची, म्हणजे 5,000 मायक्रोग्रॅम, आणि दिवसाला अशा कित्येक. औषधं वेगळी आहेत, आकड्याला आकडा लावता येत नाही, पण एक औषध मायक्रोग्रॅममध्ये थेट छातीत जातं आणि दुसरं मिलिग्रॅममध्ये सगळ्या अंगाला फिरून येतं, हे दळण मोजणाऱ्या बाईला समजायला वेळ लागला नाही. सूज रोज थोडी कमी ठेवायची, म्हणजे झटका येत नाही. निळ्या पंपाने, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या सालब्युटामॉलच्या, नळी तेवढ्यापुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा या आंतरराष्ट्रीय गटाने 2019 साली सांगितलं, की मोठ्या माणसांना नुसत्या त्या निळ्या पंपावर ठेवू नका. आमच्या पेठेत तो आजही चिठ्ठीशिवाय मिळतो आणि लोक खिशात तेवढाच घेऊन फिरतात.

पंप घेण्याचंही तंत्र आहे. रोटाकॅप, म्हणजे औषधाच्या पावडरीची कॅप्सूल, यंत्रात घालून यंत्र फिरवायचं, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात फुंकायचं नाही. मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल आत ओढायचं, दहा सेकंद श्वास धरायचा. कॅप्सूल आत फडफडल्याचा आवाज यायला हवा. नंतर खळखळून चूळ भरायची, गिळायची नाही, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. शेजारच्या काकांना वर्षभर गुण येत नव्हता. मी बघितलं तर ते कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. त्यांना कुणी करून दाखवलंच नव्हतं.

खर्च महिन्याला साडेतीनशे-चारशे. ऐकायला फार नाही. पण गोळी दहा रुपयांची आणि आराम लगेच, पंप चारशेचा आणि आराम महिन्याने. ज्याची रोजची हजेरी आहे तो काय निवडेल? जगात दम्याचे रुग्ण सुमारे 26 कोटी, आणि 2019 साली त्यात साडेचार लाखांवर माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. त्याच सुमाराच्या जागतिक अंदाजात भारतातले रुग्ण साडेतीन कोटींच्या आसपास धरले आहेत, म्हणजे जगातल्या आठात एक. दम्याने मरणारे मात्र जगातल्या दहात चार भारतातले. आपल्याकडे दमा जास्त आहे असं हे आकडे सांगत नाहीत. आपल्याकडे तो लपवला जातो, टाळला जातो, उशिरा ओळखला जातो.

औषधाने आकडे वर आले, पण मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं: गव्हाच्या धुळीत बसून पंप ओढत राहणं हा उपाय नव्हे. अशा दम्यात कारणापासून जितकं लवकर लांब जाल तितकी पूर्ण बरं होण्याची आशा जास्त. उशीर झाला तर काम सोडूनही दमा राहतो. माझा बहुतेक राहणार आहे. मी भरपाईचंही विचारलं. कामगार भरपाईच्या कायद्यात व्यावसायिक आजारांची यादी आहे आणि कामामुळे होणारा दमा तिच्यात आहे. पण ती कुणाच्या तरी पगारावर असलेल्यांसाठी. इथे मालकही मीच आणि गडीही मीच, दावा लावायचा कुणावर?

तेव्हा गिरणी पुतण्याकडे दिली, अर्ध्या वाट्यावर. मी समोरच्या बाजूला काचेचं पार्टिशन करून घेतलं, तिथे काटा, वही आणि पैसे. पीठ पडतं तिथे डब्याच्या तोंडाला घट्ट बसणारी कापडी बाही लावली, मागच्या भिंतीत मोठा एक्झॉस्ट. झाडू बंद; झाडूने पीठ जमिनीवरून उचलून हवेत जातं, एवढंच होतं. जुना व्हॅक्यूम क्लीनर आणि ओलं फडकं. उत्पन्न घटलं आहे, ते लपवत नाही. मुलीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटायचं आहे. जी बाई डब्यात वाकून बघत होती ती भाजणी दळायला परत येते, घरघंटीवर भाजणी नीट होत नाही म्हणते. मी तिचा डबा काट्यावर ठेवते आणि एक शब्द जास्त बोलत नाही.

आता भानगड पुतण्याची आहे. मागच्या पावसाळ्यापासून त्याला सकाळी शिंका येतात. मी पीक फ्लो त्याच्या हातात दिला, त्याने पाचशे चाळीस फुंकून दाखवला आणि म्हणाला, "काकू, एवढं पीठ उडतंय, शिंका येणारच की." एन-95 मास्क आणून ठेवलाय, तो गिऱ्हाईकासमोर लाज वाटते म्हणून हनुवटीवर ठेवतो. परवा सांगितलं, मास्क नाकावर नसेल तर गिरणीची किल्ली माझ्याकडे दे. दोन दिवस तोंड फुगवून होता, पण मास्क वर गेला. गुरुवारी त्याला मिरजेला घेऊन जाणार आहे. केसपेपर लिहून घेतील तेव्हा मी खिडकीशी उभी राहणार आहे, आणि व्यवसायाच्या रकान्यात 'विद्यार्थी' पडायच्या आत सांगणार आहे: पिठाची गिरणी, गहू, रोज आठ तास.